नोव्हेंबरचा ड्राफ्ट की मार्चचा?

१७ मार्च २०२३, शुक्रवारची रात्र. अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए या देशव्यापी, बाद पद्धतीच्या बास्केटबॉल स्पर्धेत, ओहायोतल्या कोलंबसमध्ये, फेअरली डिकिन्सन नावाच्या सोळाव्या मानांकनाच्या संघानं पहिल्या मानांकनाच्या परड्यूला ६३-५८ असं घरी पाठवलं. परड्यूचा सात फूट चार इंचाचा झॅक ईडी त्या मोसमातला देशातला सर्वोत्तम खेळाडू होता आणि आमच्या फँटसी लीगच्या ड्राफ्टमध्ये माझी पहिली निवड. (ड्राफ्ट म्हणजे खरे खेळाडू मित्रांनी आपापसात वाटून घ्यायचे; मग ते मैदानावर जे गुण करतील ते आपल्या खात्यात.) त्या रात्री त्यानं २१ गुण आणि १५ रिबाउंड केले, म्हणजे त्याच्याकडून कसूर नव्हतीच. पण संघ गेला आणि स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी माझा हुकमी पत्ता बाद झाला. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

पुढच्या वर्षी मी हात भाजलेला, म्हणून त्याच्या वाटेला गेलो नाही. त्याला उचललं आमच्यातल्या एका नवख्यानं. परड्यू थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथं युकॉनकडून, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाकडून, ७५-६० असा हरला, पण तोवर ईडीचे सहा सामने झाले होते: ३०, २३, २७, ४०, २० आणि ३७. एकूण १७७.

आता त्याची मोसमाची सरासरी बघा. २०२२-२३ मध्ये सामन्यामागे २२.३ गुण, २०२३-२४ मध्ये २५.२. नोव्हेंबरपासून चालणाऱ्या लीगमध्ये या दोन वर्षांतला फरक सामन्याला जेमतेम तीन गुणांचा. मार्चच्या लीगमध्ये तोच फरक २१ आणि १७७.

कॉलेज बास्केटबॉलच्या फँटसी लीगमध्ये पहिल्यांदा उतरणारा माणूस मला नेहमी विचारतो, "कुणाला घेऊ?" त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. लीग कुठली? अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलात की दोन प्रकारची आमंत्रणं येतात. एक ऑक्टोबरच्या शेवटी: पूर्ण मोसमाची लीग, नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात, दर आठवड्याला संघ लावायचा. दुसरं मार्चच्या मध्यावर: एनसीएए स्पर्धेपुरता ड्राफ्ट, तीन आठवड्यांत खेळ खलास. दोन्हींत निवडायचे खेळाडू तेच, पण मोसमाच्या लीगमध्ये तुम्ही सरासरी विकत घेता आणि मार्चमध्ये सामन्यांची संख्या.

मार्चचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. फर्स्ट फोरचे, म्हणजे मुख्य फेरीआधीच्या पात्रतेचे, सामने सोडले तर ६४ संघ, हरला की बाहेर. ३२ संघ एकच सामना खेळतात. १६ संघांच्या वाट्याला दोन, आठांना तीन, चारांना चार, दोघांना पाच आणि शेवटच्या दोघांना सहा. निम्मे संघ पहिल्या दोन दिवसांत घरी. बाराव्या मानांकनाच्या संघातला २४ गुणांचा तारा एका सामन्यात २४ देऊन गेला, आणि पहिल्या मानांकनाच्या संघातला १२ गुणांचा, कुणाला नाव न आठवणारा तिसरा गडी पाच सामन्यांत ६० देऊन गेला, असं सर्रास होतं. म्हणून आमच्याकडे अनुभवी मंडळी पहिल्या फेरीत खेळाडूंची यादी बाजूला ठेवतात आणि आधी ड्रॉचा कागद बघतात.

मोसमाच्या लीगमध्ये याच्या बरोबर उलट. तिथं संघ हरला तरी तुमचं काही जात नाही. उलट दुबळ्या संघातल्या एकुलत्या एका ताऱ्याच्या हातात चेंडू जास्त येतो. २०२२-२३ मध्ये देशात सर्वाधिक सरासरी डेट्रॉइट मर्सीच्या अँटवान डेव्हिसची होती, २८.२. कारकिर्दीत त्यानं ३,६६४ गुण केले, पीट मॅराविचच्या विक्रमापेक्षा फक्त तीन कमी. मोसमाच्या लीगमध्ये हे निखळ सोनं. पण त्याचा संघ एनसीएए स्पर्धेत पोचलाच नाही, म्हणजे मार्चच्या यादीत त्याचं नावही नाही. मार्केल फुल्ट्झचंही तेच: २०१६-१७ मध्ये वॉशिंग्टनकडून २३.२ची सरासरी, संघ ९ विजय आणि २२ पराभव, आणि जूनमध्ये एनबीएनं, म्हणजे व्यावसायिक लीगनं, मात्र आपल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत आधी त्यालाच उचललं. आदल्या वर्षी एलएसयूच्या बेन सिमन्सचंही असंच झालं होतं. २०२५ मध्ये रटगर्सकडे डिलन हार्पर आणि एस बेली असे दोघे होते, एनबीए ड्राफ्टमध्ये दुसरा आणि पाचवा क्रमांक. संघाचा हिशोब १५-१७. मार्चमध्ये दोघंही घरून टीव्ही बघत होते. मोसमाच्या लीगमध्ये ज्यानं त्यांना घेतलं होतं त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मोसमाची लीग घ्यायचं ठरवलंत तर वेळेचा अंदाज आधी घ्या. पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या स्तरात, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. इतक्यांवर नजर ठेवणं नोकरी करणाऱ्या माणसाचं काम नाही, आणि तसा आव आणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शहाणी लीग खेळाडूंचं कुरण आखून घेते. एकच कॉन्फरन्स, म्हणजे मोसमभर आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा एक गट, ठेवली, समजा बिग टेन, तरी १८ संघ होतात आणि आठ जणांना पुरून उरतात. आम्ही एका वर्षी सगळा देश मोकळा ठेवला होता. जानेवारीपर्यंत तिघांनी संघ लावणंच सोडून दिलं.

शिवाय नोव्हेंबरचे आकडे फसवे असतात. मोठी विद्यापीठं तेव्हा लहान कॉलेजांना घरी बोलावून चाळीस-चाळीस गुणांनी बडवतात, आणि सामना हातात आला की प्रशिक्षक ताऱ्याला बाकावर बसवतो. डिसेंबरात परीक्षा येतात, आठवडाभर सामनेच नाहीत. ही पोरं विद्यार्थी आहेत हे तेव्हा आठवतं. खरा मुकाबला जानेवारीत, कॉन्फरन्सचे सामने सुरू झाल्यावर. आणि दुखापतींच्या बाबतीत एनबीएसारखी रोजची सगळ्यांना बांधील यादी इथं मिळेल असं धरून चालू नका. काही कॉन्फरन्स आता उपलब्धतेची यादी काढतात. बाकी ठिकाणी सामन्याआधी अर्धा तास, सरावाला कोण उतरलंय ते बघायचं.

अजून एक, आणि हे नियमावलीत आधीच लिहून घ्या: मोसमाची लीग कॉन्फरन्स स्पर्धांच्या आधी संपवा. मार्च २०११ मध्ये युकॉननं बिग ईस्ट या आपल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि केंबा वॉकरनं त्यांत १३० गुण केले. तुमच्या लीगचा अंतिम आठवडा तोच असेल आणि समोरच्याकडे असा वॉकर असेल, तर तुमचा चार महिन्यांचा घाम पाच दिवसांत वाहून जाईल.

नवख्या पोरांचं काय? ऑक्टोबरच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या वर्षाच्या गाजलेल्या मुलांवर उड्या पडतात. कूपर फ्लॅग लागला, १९.२ची सरासरी देऊन गेला. पण मिझुरीचा मायकेल पोर्टर ज्युनिअर २०१७ मध्ये पहिल्याच सामन्यात दोन मिनिटं खेळून पाठीच्या दुखण्यानं बसला. मेम्फिसचा जेम्स वाइजमन २०१९ मध्ये तीन सामने खेळला, निलंबनात अडकला आणि डिसेंबरात कॉलेज सोडून गेला. झायन विल्यमसनचा तर बूट फाटला: २० फेब्रुवारी २०१९, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ३६ सेकंद झाले होते, पुढचे पाच सामने तो बाहेर. एनबीएत ८२ सामन्यांत पाच म्हणजे किरकोळ. इथं सगळा मोसमच तीस-पस्तीस सामन्यांचा. माझं मत विचाराल तर मोसमासाठी तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा गडी घ्या, किंवा लहान विद्यापीठातून बदली घेऊन मोठ्याकडे आलेला. डाल्टन नेक्ट नॉर्दर्न कोलोराडोहून टेनेसीला आला आणि २०२३-२४ मध्ये २१.७ची सरासरी ठोकली. ईडी स्वतः पहिल्या वर्षी राखीव सेंटर होता, हेही लक्षात असू द्या.

बोली की पाळी, म्हणजे ऑक्शन की स्नेक, हा वाद प्रत्येक लीगमध्ये होतो. आयपीएलचा लिलाव बघून आलेल्या आपल्या लोकांना बोलीचंच आकर्षण. नोव्हेंबरात बोलीच हवी, याला माझा पूर्ण पाठिंबा. खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलमुळे दर उन्हाळ्यात संघच्या संघ बदलतात, कोण किती मिनिटं खेळेल याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा, आणि अंदाज वेगळे असतील तरच बोलीला मजा. दोनशे लुटूपुटूचे डॉलर प्रत्येकाला द्या. पहिल्या तीन नावांवर लोक पाकीट रिकामं करतात. शेवटच्या तासाला ज्याच्याकडे पन्नास उरलेत तो राजा.

मार्चमध्ये मात्र पाळीच बरी. ड्रॉ रविवारी संध्याकाळी जाहीर होतो, मुख्य फेरी गुरुवारी दुपारी सुरू होते. मधल्या साडेतीन दिवसांत आठ नोकरदारांना अडीच तासांच्या बोलीसाठी एकत्र बसवणं म्हणजे बेडकांची मोजणी. पाळीचा ड्राफ्ट तासाभरात आटपतो. ती नागमोडी चालते: आठ जणांत पहिल्याला १, १६ आणि १७ क्रमांकाची निवड मिळते, आठव्याला लागोपाठ ८ आणि ९. नवखे पहिली जागा मागतात. मला मार्चमध्ये आठवी आवडते, कारण एकाच तगड्या संघातले दोघं एका दमात उचलता येतात. संघ पुढे गेला की दोघांचे सामने एकदमच वाढतात. दोनच, तिसरा नको. चेंडू एकच असतो. आणि दुसऱ्या फेरीत एकमेकांसमोर येणारे दोन संघ एकाच झोळीत घेऊ नका. आमच्याकडे हे दरवर्षी कुणीतरी करतंच, आणि मग आपलाच एक माणूस आपल्याच दुसऱ्याला बाहेर काढताना बघत बसतं.

मानांकनावर किती विसंबायचं? १९८५ पासून २०२५ पर्यंत पुरुषांमध्ये पहिलं मानांकन सोळाव्याकडून फक्त दोनदा हरलंय: २०१८ मध्ये व्हर्जिनिया आणि २०२३ मध्ये परड्यू. म्हणजे मी ज्या दुर्दैवाची कहाणी सांगतोय ते खरोखर दुर्मीळ. पण शेवटच्या चौघांचा नेम नाही. ड्रॉचे चार विभाग असतात, प्रत्येकात एक पहिलं मानांकन; २०२५ मध्ये ती चारही तिथं पोचली. त्याआधी असं फक्त २००८ मध्ये झालं होतं. आणि २०२३ मध्ये शेवटच्या चौघांची मानांकनं होती ४, ५, ५ आणि ९.

माझ्या सिद्धांताला सुरुंग लावणारं एक उदाहरणही सांगायला हवं. २०१९ मध्ये परड्यूच्याच कार्सन एडवर्ड्सनं चार सामन्यांत २६, ४२, २९ आणि ४२ असे १३९ गुण केले. त्याच स्पर्धेत झायनचे चार सामन्यांत १०४. परड्यू उपांत्य फेरीपर्यंतसुद्धा गेला नाही, तरी एडवर्ड्स घेणारा आमच्याकडे जिंकला. २००८ मध्ये दहाव्या मानांकनाच्या डेव्हिडसनकडून स्टेफन करीनं चार सामन्यांत १२८ केले होते. असा माणूस मधल्या फेरीत दिसला तर घ्या. पहिल्या फेरीत नको.

महिलांची स्पर्धा अनेक जण विसरतात, आणि मार्चसाठी ती मला जास्त हिशोबी वाटते. तिथं पहिलं मानांकन सोळाव्याकडून एकदाच हरलंय, १९९८ मध्ये, हार्वर्डकडून स्टॅनफर्ड. वरच्या संघांवर भरवसा ठेवता येतो, म्हणून ताराही मिळतो आणि सामनेही. आयोवाची केटलिन क्लार्क २०२३ मध्ये सहा सामन्यांत १९१ गुण करून गेली. हल्ली आमच्या ड्राफ्टमध्ये दोन्ही स्पर्धांचे खेळाडू एकाच टोपलीत असतात.

गुणपद्धतीवर फार वेळ घालवू नका. मार्चमध्ये फक्त बास्केटचे गुण मोजा, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलनं हिशोब ठेवता येतो. फर्स्ट फोरचे गुण धरायचे की नाही एवढं ड्राफ्टआधी ठरवा. मोसमात रिबाउंड, असिस्ट, टर्नओव्हर सगळं धरा, पण मग उंच सेंटर महाग होतात, आणि त्यांच्या फाउलकडे लक्ष ठेवा: कॉलेजमध्ये पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, एनबीएत सहाव्या. आणि मोसमाचा ड्राफ्ट ॲपवर असेल तर इंटरनेट तपासून बसा. एकदा माझं दोन मिनिटं तुटलं तेवढ्यात ॲपनं परस्पर माझ्या नावावर असा सेंटर टाकला जो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण मोसम बाहेर होता.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं आकडे चाळायची खोड असेल, एखाद्या कॉन्फरन्सचे संघ ओळखीचे असतील, तर नोव्हेंबर घ्या. नुकतेच आला असाल, ऑफिसात चार माणसांशी बोलायला विषय हवा असेल, तर मार्च. पहिल्या वर्षी दोन्ही घेऊ नका.

आमचा मार्चचा ड्राफ्ट बुधवारी संध्याकाळी सात वाजता, इंडियानापोलिसमध्ये एकाच्या तळघरात असतो. आठांपैकी एक जण आता पुण्यात परत गेलाय आणि तरी लीग सोडत नाही. त्याच्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट, साडेचार. आठवी जागा त्याला कायमची दिली आहे: व्हिडिओ लावतो, लागोपाठ दोन नावं सांगतो, आणि पाळी परत फिरून येईपर्यंत चहा टाकायला जातो.