बोटीवरची वाइन आणि जालन्यात मोजलेले तेवीस हजार

डिसेंबर २०२४ मध्ये मी, माझी पत्नी, साडूभाऊ आणि मेहुणी असे चौघे सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. त्या प्रवासात वाइनच्या नावाखाली आमची फसवणूक झाली. ती प्रत्यक्षात दोन महिने आधी जालन्यातच होऊन गेली होती. आम्हाला मात्र ती शेवटच्या रात्री, भर समुद्रात कळली. हे लिहायला मला इतके महिने लागले ते रकमेमुळे नाही. ‘वाइन’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे ऐकणाऱ्याचे लक्ष फसवणुकीवरून उडते आणि पेल्यावर जाऊन बसते, म्हणून मी गप्प होतो. ज्याने फसवले, त्याचा सगळा भरवसा आमच्या या गप्प राहण्यावरच होता, हे पुढे कळले. त्यामुळे आता सर्व काही नावानिशी नसले तरी तपशिलानिशी लिहीत आहे.

मला वाइनची ओढ का, हे आधी सांगतो. कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि घरी तीन एकर द्राक्षबाग आहे. जालना तालुक्यात कडवंचीच्या शेतकऱ्यांनी पाणलोटाची कामे करून द्राक्षे उभी केली आणि त्यांच्याकडे पाहून आजूबाजूच्या गावांतही बागा लागल्या. आमची त्यांतलीच एक. आमची द्राक्षे खायची. वाइनची द्राक्षे वेगळी असतात: मणी लहान, साल जाड, बिया असलेली, आणि साखर खाण्याच्या द्राक्षांपेक्षा चढी, साधारण २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातील साखर मोजण्याचे माप) चढल्यावर तोडलेली. किण्वाच्या क्रियेने साखरेचे अल्कोहोल कसे होते, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहून दाखवले होते; पण जिथे वाइन नीट साठवतात आणि जाणकारीने वाढतात, अशा ठिकाणी बसून ती चाखण्याचा योग आला नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा आमच्या पारावर ‘वाइन ही दारू की शेतमाल’ यावर आठवडाभर वाद झाला होता. त्या वादात मी शेतमालाच्या बाजूने तावातावाने बोललो होतो आणि बोलून झाल्यावर, आपण ज्याविषयी बोलतो ते आपण धड चाखलेलेही नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली होती.

सहल ज्याच्याकडून ठरवली तो माझा जुना विद्यार्थी. शहरात त्याचे प्रवासाचे कार्यालय आहे, काही ओळखीची कुटुंबे त्याच्यामार्फत दुबई आणि थायलंडला जाऊन आली होती. बोटीचे भाडे, विमान आणि व्हिसा यांचे पैसे त्याने बँकेतून घेतले, जीएसटीसह बिल दिले आणि परदेश सहलीवर त्या वेळी आकारला जाणारा ५ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, तोही वेगळा दाखवला. सर्व कागद चोख होते. ते तसे होते म्हणूनच पुढच्या गोष्टीबद्दल मनात शंका आली नाही.

बिल झाल्यावर त्याने आवाज थोडा खाली आणून विचारले, “सर, बोटीवर वाइनचं बघायचं का? तिथं एकेक ग्लास हजार-बाराशेला पडतो. आपल्याकडं पॅकेज आहे. माणशी तेवीस हजार, चार दिवस, ग्लास घ्या, बाटली घ्या, सगळं त्यातच.” मी आणि साडूभाऊ असे आम्ही दोघेच घेणार होतो. त्याने आम्हा दोघांकडून प्रत्येकी २३ हजार रुपये त्याच्या पत्नीच्या यूपीआय क्रमांकावर घेतले. कार्यालयाच्या खात्यावर का नको, असे साडूभाऊंनी विचारले. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना ते खटकले होते. त्यावर तो म्हणाला, “काका, दारूची नोंद बिलात कशाला? उद्या कोणी पाहिलं तर सरांनाच अवघड होईल.” आम्हाला ते पटले. त्याला आमच्या अब्रूची काळजी आहे, असेच आम्ही समजलो.

त्याने दोन छापील व्हाउचर दिले. त्यावर आमची नावे, बोटीचे चित्र आणि एक आकडा होता. त्याच वेळी त्याने जे सांगितले तो साऱ्या फसवणुकीचा गाभा होता: “सर, प्रत्येक वेळी वेटर स्लिप आणेल, त्यावर सही करून द्यायची. घाबरायचं नाही. शेवटच्या दिवशी पॅकेजची रक्कम आपोआप वजा होते.”

वंदे भारतने जालन्याहून मुंबई, तिथून विमानाने सिंगापूर आणि मरीना बेच्या धक्क्यावरून बोट, असा प्रवास सुखाचा झाला. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत; चढतानाच प्रत्येकाला एक कार्ड मिळते, तेच खोलीची किल्ली आणि तेच उधारीचे खाते. जे काही घ्याल ते त्यावर चढत जाते आणि शेवटी तुमच्या बँकेच्या कार्डावरून वळते होते. हातातून नोट जात नसल्यामुळे खर्च होत असल्याची जाणीवच राहत नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एकेक ग्लास घेतला. १२ डॉलर भाव, त्यावर १८ टक्के सेवाशुल्क. स्लिप आली, मी सही केली. वेटर भारतीय होता, त्याला व्हाउचर दाखवले. त्याने ते उलटून पाहिले आणि खालच्या मजल्यावरील चौकशी खिडकीवर विचारा, असे अदबीने सांगितले. तिथे मोठी रांग होती. उद्या विचारू, असे म्हणून आम्ही जेवायला गेलो, आणि तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशी पेनांग पाहून परतल्यावर वाइन चाखण्याचा कार्यक्रम होता, माणशी ३० डॉलर. त्याविषयी मात्र मला आजही पश्चात्ताप नाही. पाच वाइन समोर मांडल्या होत्या. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातील सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या वाइनला कच्च्या पेरूसारखा आणि कापलेल्या गवतासारखा वास होता. तिच्या बाटलीला बुचाऐवजी फिरकीचे झाकण होते आणि तिथे तीच रीत आहे, हलकेपणाची खूण नाही, हे समजले. बुचाच्या बाटलीत क्वचित बुचाचा दोष उतरतो, तेव्हा वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो आणि अशी बाटली परत करण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क असतो. म्हणूनच बाटली आधी लेबल दाखवून, तुमच्यासमोर उघडून, घोटभर ओतून तुमच्या होकाराची वाट पाहिली जाते. मी इतकी वर्षे त्याला श्रीमंतांचा थाट समजत होतो. ती चाचणी आहे.

त्या रात्री जेवताना आम्ही ५८ डॉलरची एक बाटली घेतली. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. तीन संपवले, उरलेली बाटली वेटरने खोलीचा क्रमांक लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, फुकेतहून परतल्यावर, जेवणाच्या टेबलावर आणून दिली. तिच्यात दोनच ग्लास उरल्यामुळे आणि साडूभाऊंच्या लग्नाचा वाढदिवस असल्यामुळे त्यांच्या आग्रहावरून तिच्याबरोबर ७२ डॉलरची आणखी एक मागवली. शेवटच्या संध्याकाळी १४ डॉलरचे दोन ग्लास घेतले. हे सर्व माझ्या कार्डावर, कारण घरातला मोठा मी. प्रत्येक वेळी स्लिप आली, प्रत्येक वेळी मी सही केली, आणि सही करताना आकडा वाचला नाही, कारण तो शेवटी वजा होणार होता.

रात्री अकरा वाजता खोलीच्या दाराखालून बिल आत सरकवले गेले. वाइनचे एकूण २८५ डॉलर ५६ सेंट, म्हणजे त्या दिवसांच्या दराने सुमारे २४ हजार रुपये. वजा काहीच नव्हते.

मी व्हाउचर घेऊन खिडकीवर गेलो. तेथील मुलीने संगणकावर आमचे आरक्षण काढले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. आमच्या नावावर कोणतेही पेयांचे पॅकेज कधी घेतलेच गेले नव्हते. व्हाउचरवरचा आकडा बोटीच्या आरक्षणाचा नव्हता. तो त्या कार्यालयाने स्वतः छापलेला होता. पॅकेज असते तर कार्डावर तशी खूण असती आणि स्लिपवर रकमेच्या जागी शून्य आले असते. तिने माझ्या सह्यांच्या स्लिपा एकेक करून पुढे ठेवल्या. मी तीस वर्षे मुलांच्या प्रयोगवह्या न वाचता सही करू नये म्हणून सहकाऱ्यांशी भांडलो होतो, आणि माझ्याच सह्या तिथे ओळीने पडल्या होत्या. पत्नी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या हातातून व्हाउचर घेऊन तिने ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवले. पुढे तोच कागद सर्वांत कामाला आला.

पैसे भरताना यंत्राने विचारले, रुपयांत की डॉलरमध्ये. मी रुपयांवर बोट ठेवणार, इतक्यात साडूभाऊंनी हात धरला. माझ्या बँकेच्या कार्डात आधीच डॉलर भरलेले होते. रुपये निवडले असते तर बोटीने आपल्या दराने डॉलरचे रुपये केले असते आणि कार्डाने त्या रुपयांचे पुन्हा डॉलर, आणि दोन्ही वेळा तूट माझ्या माथी आली असती. ते पर्याय देणे बेकायदा नाही, पण थकलेल्या माणसाला आपल्या ओळखीचे चलन बरे वाटते, एवढ्यावरच ते चालते.

खरे पॅकेज कसे असते, हे मी त्याच मुलीकडून समजून घेतले, आणि मग त्या विद्यार्थ्याच्या बोलण्यातील प्रत्येक खोट उघडी पडली. त्या बोटीवर एका खोलीतील दोन प्रौढांपैकी एकानेच पॅकेज घेता येत नव्हते. एकाने घेतले तर दुसऱ्यालाही घ्यावेच लागे. बऱ्याच क्रूझ कंपन्यांचा हाच नियम असतो. माझी पत्नी वाइन घेत नाही, आणि त्याने माझ्या एकट्याचे पॅकेज विकले होते. एवढी एक गोष्ट मला ठाऊक असती तर तिथेच सारे थांबले असते. पॅकेजमध्ये ठरावीक किमतीपर्यंतचे ग्लास येतात. पूर्ण बाटली आणि चाखण्याचे कार्यक्रम सहसा त्याबाहेर असतात. सेवाशुल्क किमतीत धरले आहे की वर लागणार, हेही पाहावे लागते. अनेक कंपन्या चढताना प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची एक वाइनची बाटली सोबत आणू देतात आणि ती भोजनगृहात उघडली तर उघडण्याचे शुल्क घेतात. हे सर्व कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलेले असते आणि तिथूनच पॅकेज घेतले तर ते आरक्षणाच्या क्रमांकाखाली लगेच दिसते. मध्यस्थाने घेऊन दिले तरीही तिथे दिसलेच पाहिजे; दिसत नसेल तर पैसे कुठे गेले, हे निघण्यापूर्वीच विचारता येते.

हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर वाइनचे २४ हजार माझे नुकसान नाहीत. ती आम्ही प्यायलो आणि बोटीने योग्य भाव लावला. नुकसान आहे ते जालन्यात दिलेल्या २३ हजारांचे, आणि साडूभाऊंच्या तेवढ्याच रकमेचे.

परत आल्यावर मी त्याच्या कार्यालयात गेलो. पहिल्यांदा तो म्हणाला, बोटवाल्यांची चूक आहे, मेल टाकला आहे. दुसऱ्यांदा तो भेटला नाही. तिसऱ्यांदा त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला घडवलं. आता दारूच्या पैशापायी तुमचं नाव गावभर व्हावं, हे मला बरं वाटणार नाही.” मी चहा न घेता उठलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आले की हे वाक्य त्याला आयत्या वेळी सुचलेले नव्हते. पैसे घेताना ‘सरांनाच अवघड होईल’ असे तो म्हणाला होता, ते याच दिवसाची तयारी म्हणून.

त्यानंतर मी क्रूझ कंपनीला मेल लिहून, आमच्या आरक्षणावर कधी पॅकेज घेतले गेले होते का, अशी लेखी विचारणा केली. नव्हते, असे लेखी उत्तर आठ दिवसांत आले. माझ्या २६ एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या विवरणात, सहलीच्या रकमेवरचा टीसीएस जमा दिसत होता, म्हणजे सहल त्याने हिशेबात दाखवली होती; वाइनचे २३ हजार त्यात कुठेच नव्हते. यूपीआयचा उतारा, व्हाउचर, बोटीचे बिल आणि तो मेल असे चार कागद जोडून मी त्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

नोटीस पोहोचल्यावर त्याचा निरोप आला: माझे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या आणि तसे लिहून द्या. साडूभाऊंचे काय, याला उत्तर नव्हते. मी नकार दिला.

मग एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, मी ही गोष्ट मोठ्याने सांगितली. मनात धाकधूक होती. एक-दोघांनी भुवया उंचावल्या हे खरे, पण हात धुताना एक डॉक्टर जवळ आले आणि म्हणाले, “सर, आमचे चाळीस गेले. त्याच्याकडेच.” त्यांनी घरी सांगितले नव्हते. त्यानंतर महिनाभरात आणखी तिघे निघाले, एक अंबडचे, एक बीडचे, एक छत्रपती संभाजीनगरचे. प्रत्येकाला तेच व्हाउचर, तोच यूपीआय क्रमांक, सह्या करत राहण्याचा तोच सल्ला, आणि परत आल्यावर अब्रूची तीच आठवण.

आता आम्ही सहा जण आहोत. पाच जणांच्या तक्रारी आयोगात दाखल झाल्या आहेत आणि माझ्या तक्रारीत त्याला हजर राहण्याची नोटीस निघाली आहे. सहाव्या गृहस्थांचे कागद माझ्या टेबलावर तयार करून ठेवले आहेत; त्यांच्या वडिलांना अजून सांगायचे राहिले आहे, म्हणून सही व्हायची आहे.