लघुदाब जाळ्यावर नजर: सगळं मोजायचं, की थोडं मोजून बाकीचं गणितानं काढायचं?

लघुदाब जाळं म्हणजे रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) घराघरांपर्यंत जाणाऱ्या वीजवाहिन्या. त्यात रोहित्रावर भार किती येतो, एवढंच कळायला हवं असेल, तर रोहित्रापाशी मीटर बसवणं पुरेसं आहे. फक्त प्रत्येक फीडरचे (रोहित्रातून निघणाऱ्या वाहिनीचे) तिन्ही फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे मोजा. या मीटरला वाहिनीचं टोक मात्र दिसत नाही, आणि छतावरच्या सोलरमुळे व्होल्टेज सर्वाधिक चढतं ते बहुधा टोकालाच.

तिथे ग्राहकांचे स्मार्ट मीटर असतात. त्यांची अडचण वेळेची. बऱ्याच ठिकाणी 15 किंवा 30 मिनिटांच्या नोंदी साठवून दिवसातून एकदाच पाठवल्या जातात. व्होल्टेज वारंवार कुठे घसरतं हे शोधायला त्या उत्तम. या क्षणी विजेच्या गाडीचा एखादा चार्जर थोपवायचा असेल तर निरुपयोगी.

तिसरा पर्याय स्टेट एस्टिमेशनचा: मोजक्या मापनांवरून उरलेल्या जाळ्याची स्थिती काढायची. अमेरिकी अभियंता फ्रेड श्वेप्पे यांनी 1970 मध्ये ही पद्धत पारेषणासाठी, म्हणजे उच्चदाबाच्या मोठ्या जाळ्यासाठी, मांडली. तिथे मापनं गरजेपेक्षा जास्त असतात, त्यामुळे चुकीचा आकडा पकडता येतो. लघुदाबात ती अपुरी पडतात, म्हणून ग्राहकांच्या नेहमीच्या वापरावरून अंदाजी आकडे भरावे लागतात. आकडे जितके अंदाजी, तितकं उत्तर सैल.

त्यात फेजचा असमतोल. 7 किलोवॅटचा सिंगल फेज चार्जर 230 व्होल्टवर सुमारे 30 अँपिअर ओढतो. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांचा रोध प्रत्येकी 0.2 ओहम धरला, तर त्या फेजवर 12 व्होल्ट पडतात आणि उरलेल्या दोन फेजवर साधारण 3 व्होल्ट चढतात! तिन्ही फेज सारखे धरणाऱ्या मॉडेलला हे दिसणारच नाही. म्हणून एस्टिमेशनचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमचं मॉडेल चार तारांचं, म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे धरणारं, आहे का?

न्यूरल नेटवर्कवाले (जुन्या नोंदींवरून शिकणारं सॉफ्टवेअर वापरणारे) ‘जाळ्याचा नकाशाच नको’ म्हणतात. खरंय, पण शिकवायला जुन्या नोंदी भरपूर लागतात, आणि फीडरची जोडणी बदलली की बहुधा पुन्हा शिकवावं लागतं.

माझा कौल: आधी रोहित्राचा मीटर, मग टोकाकडच्या काही स्मार्ट मीटरांचं व्होल्टेज लवकर मिळेल अशी सोय, आणि एस्टिमेशन त्यानंतर. मधल्या काळात कोणता ग्राहक कोणत्या फेजवर आहे याची नोंद दुरुस्त करून घ्या. एका फेजवरच्या मीटरांचं व्होल्टेज बरंचसं एकत्र चढतं-उतरतं, त्यावरून ती जुळवता येते. ती चुकीची असेल, तर महागडं सॉफ्टवेअरही भलत्याच फेजवर इशारा देईल.