घराची किंमत ठरवताना: ॲपचा आकडा, रेडी रेकनर की इंडेक्स टू?

पुण्यात कोथरूडचा जुना टू-बीएचके विकायचा असो की वाकडला नवा घ्यायचा असो, हल्ली आधी मोबाइलवर किंमत बघितली जाते. सोसायटीचं नाव, चौरस फूट आणि मजला टाकला की आकडा हजर. त्याच्यावर किती विसंबायचं, हे घर कुठल्या भागात आहे त्यावर ठरतं.

हिंजवडी, वाकड, खराडीच्या मोठ्या प्रकल्पांत एकाच आराखड्याचे शेकडो फ्लॅट असतात आणि त्यांची खरेदी-विक्री सतत चालू असते. तिथे ॲपचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. सदाशिव पेठेत किंवा सहकारनगरात मात्र दहा-बारा फ्लॅटच्या इमारतीत वर्षानुवर्षं एकही विक्री होत नाही. तिथली किंमत ठरते ती कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, रिडेव्हलपमेंटची बोलणी कुठवर आलीत, लिफ्ट आहे का, यावर. यातलं काहीच ॲपला कळत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं. घर बघायला जाणारा माणूस ते आधी विचारतो.

दुसरी मोठी अडचण म्हणजे आपल्याकडचे अंदाज बरेचदा जाहिरातींमधल्या किमतींवर बेतलेले असतात. त्या मालकाने मागितलेल्या किमती, मिळालेल्या नव्हेत. शिवाय एका जाहिरातीत कार्पेट (भिंतींच्या आतलं) क्षेत्रफळ, दुसरीत सुपर बिल्ट-अप (जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून), त्यामुळे प्रति चौरस फूट दरच गडबडतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत विक्रीच्या किमती खुल्या असतात, तरीही झिलो या कंपनीला अल्गोरिदमच्या आधारे घरं विकत घेण्याचा व्यवसाय नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद करावा लागला. पुढच्या काही महिन्यांतल्या किमतींचा अंदाज नीट बांधता येत नाही, हेच कारण कंपनीने दिलं होतं.

रेडी रेकनर हा मालमत्तेच्या दरांचा सरकारी तक्ता. दर विभागवार असतात, त्यामुळे मुख्य रस्त्यावरची इमारत आणि मागच्या बोळातली इमारत एकाच दरात बसू शकते. मुद्रांक शुल्काचा हिशेब करायला तो लागतोच, भाव ठरवायला नाही.

माझा भरवसा इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून शोधता येतं. त्याच सोसायटीतले गेल्या वर्ष-दोन वर्षांतले दस्त काढा. एक गोष्ट नीट बघा: त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. व्यवहाराची दस्तात लिहिलेली किंमत म्हणजे मोबदला. ‘बाजारभाव’ हे रेडी रेकनरनुसार काढलेलं मूल्य असतं, आणि नवखी माणसं नेमकं तेच धरून बसतात. मोबदल्याला दस्तातल्या क्षेत्रफळाने भागा, पण ते कार्पेट आहे की बिल्ट-अप (भिंती धरून) हे वाचून. रोखीने दिलेली रक्कम यात दिसत नाही, म्हणून एकाच दस्तावर न थांबता तीन-चार तरी बघावेत.

घेणाऱ्याने ॲपवरून भाग निवडावा आणि बोली इंडेक्स टू बघून लावावी. जुनं घर विकणाऱ्याने किंवा भावंडांत वाटणी करणाऱ्यांनी मात्र नोंदणीकृत व्हॅल्युअरची (मालमत्तेचं मूल्य काढून देणाऱ्याची) फी वाचवू नये. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराच्या विक्रीवरचा भांडवली नफा करासाठी मोजताना खरेदीच्या किमतीऐवजी त्या तारखेचं मूल्य धरता येतं, आणि ते कुठलंच ॲप देत नाही.