मेड्सपॅल आणि पेटंट पूलचे परवाने: करार तपासणारीच्या नजरेतून

जिनिव्हात एका आरोग्य संस्थेसाठी औषधखरेदीचे आणि पुरवठ्याचे करार तपासणं हे माझं काम. फुकट मिळणाऱ्या साधनांबद्दल मी मूळचीच संशयी, पण मेडिसिन्स पेटंट पूलच्या संकेतस्थळाला मनापासून दाद देते.

युनिटएड या जागतिक आरोग्य उपक्रमाने २०१० मध्ये उभी केलेली ही संस्था औषध कंपन्यांकडून त्यांची पेटंट असलेली औषधं बनवायचे परवाने मिळवून जेनेरिक, म्हणजे त्याच औषधाची स्वस्त आवृत्ती बनवणाऱ्या, उत्पादकांना देते आणि त्या परवान्यांचा मजकूर सगळ्यांसाठी खुला ठेवते. एरवी आमच्या धंद्यात असे करार गोपनीयतेच्या कलमाखाली कडीकुलपात असतात! एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राव्हिरचे २०१४ चे परवाने उघडा. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगळे दस्तऐवज, देशांच्या याद्या वेगळ्या, मुलांच्या औषधावर रॉयल्टी नाही. नवा ज्युनिअर आला की मी त्याला आधी ‘प्रदेश’ची व्याख्या वाचायला लावते. माल कुठे विकता येईल ते तिथे ठरतं, प्रस्तावनेतल्या गोड भाषेत नाही.

सोबतचं मेड्सपॅल, म्हणजे याच संस्थेची औषधांच्या पेटंटची माहितीसूची, २०१६ पासून आहे, तेही विनामूल्य. औषध आणि देश निवडला की पेटंटची स्थिती दिसते. पहिल्या चाळणीसाठी उत्तम. सहीआधी मात्र त्या देशाच्या पेटंट कार्यालयातली नोंद आणि स्थानिक वकिलाचं मत हवंच. औषधाच्या भावाची घासाघीस तर निराळ्याच टेबलावर चालते.

पाचपैकी साडेचार. परवाना उतरवून घेताना नंतरच्या दुरुस्त्याही बघून घ्या, नुसत्या मूळ करारावर विसंबू नका.