राणी छाप रुपयावरचा सेलोटेपचा डिंक आणि एआर ग्रेड ॲसिटोन

आजीच्या डब्यातला एक राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला चांदीचा रुपया माझ्या वाट्याला आलाय, १८६२ चा, चांगला तोळाभर वजनाचा. कुणीतरी कधीकाळी तो सेलोटेपने वहीत चिकटवला होता. टेप केव्हाच सुटली, पण तिचा डिंक पिवळा पडून मागच्या बाजूला बसला तो बसलाच, आणि तोही नेमका सालाच्या आकड्यावर. धूळ, केस, काय वाट्टेल ते चिकटायचं. नाण्याचा रंग मात्र असा काही चढलेला की बघत राहावं, कडेला निळा-जांभळा आणि आत येता येता मधासारखा, त्यामुळे घासायची हिंमतच होईना.

हा रंग म्हणजे मळ नाही. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो, असा चढायला वर्षानुवर्षं लागतात आणि एकदा गेला की तसाच परत येत नाही. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चिंच-मीठ लावून चांदी घासायची पद्धत, त्यात डब्यातला दुसरा रुपया पांढराफटक झालाय, राणीच्या मुकुटावरची नक्षीसुद्धा पुसट झालीये. तो हातात घेतला की जीव हळहळतो.

म्हणून या वेळी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन लॅब केमिकलच्या दुकानातनं प्युअर ॲसिटोन आणलं, एआर ग्रेड (म्हणजे लॅबमधल्या तपासण्यांना लागतं तेवढं शुद्ध), ५०० मिलीची काचेची बाटली. नेलपॉलिश रिमूव्हर आणू नका, त्यावर ॲसिटोन लिहिलेलं असलं तरी त्यात सेंट, रंग, तेलकट काहीबाही असतं आणि ते नाण्यावर राहतं. प्युअर ॲसिटोन डिंक विरघळवतं, पण चांदीला किंवा त्या सल्फाइडच्या थराला काही करत नाही. रंग कुणी वरून लावलेला असेल तर मात्र तो उतरू शकतो.

काचेच्या छोट्या बरणीत नाणं बुडेल एवढं ओतलं आणि झाकून ठेवलं. प्लास्टिकची वाटी नकोच, काही प्लास्टिक यात विरघळतं. अर्ध्या तासाने बघतो तर डिंक फुगून सायीसारखा पांढरट झालेला आणि कडेने सुटायला लागलेला. बोटाने ओढायचा मोह होतो पण ओढू नका, कापूससुद्धा नको, चरे पडतात. बरणी हलक्या हाताने गोल फिरवली की तुकडे आपले आपण निघतात. मग दुसऱ्या बरणीत स्वच्छ ॲसिटोन घेऊन परत बुडवायचं, ही पायरी गाळू नका, नाहीतर विरघळलेला डिंकच पातळ होऊन सगळ्या नाण्यावर पसरतो आणि सुकतो. माझं तीन वेळा बदलून झालं.

आणि मग आकड्याखालचे ठिपके दिसले! १८६२ हेच साल १८७४ पर्यंतच्या नाण्यांवर छापत राहिले, त्यामुळे मुंबई टांकसाळीचा रुपया खरा कधीचा ते अभ्यासक या ठिपक्यांवरून ठरवतात. इतकी वर्षं ते डिंकाखाली दडले होते. भिंग घेऊन मी तासभर बसलो होतो.

डिंक होता तिथे जरा फिकट डाग राहिलाय, कारण टेपखाली हवा लागलीच नाही तर रंग कुठून चढणार, त्यात ॲसिटोनचा दोष नाही. बाटलीचं तोंड मोठं आहे, धार आवरत नाही. वास उग्र आहे आणि भडका पटकन उडतो, म्हणून बाल्कनीतच करा, आसपास गॅस, समई, उदबत्ती काही नको. पावसाळ्यातही टाळा, ॲसिटोन उडताना नाणं गार पडतं आणि त्यावर दमट हवेतलं पाणी जमतं.

पाचपैकी साडेचार स्टार. उरलेली बाटली तिसऱ्या रुपयासाठी ठेवलीय, तो पीव्हीसीच्या पाकिटात राहून हिरवट चिकट झालाय, दिवाळीच्या आत तोही बुडवणार.