दोन नोडच्या ओरॅकल रॅकची एसपीफाइल: पावसाळ्यापासून मार्चअखेरपर्यंत वापरून

ओरॅकल १९सीचा दोन नोडचा रॅक आमच्याकडे मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर लाइव्ह झाला. रॅक म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवरून (नोडवरून) एकाच वेळी चालवायची सोय; दर नोडवर तो चालवणारा प्रोसेस आणि मेमरीचा संच म्हणजे इन्स्टन्स. त्यानंतर दिवाळीचा लोड, क्वार्टरली पॅच आणि नुकताच मार्चअखेर, असं सगळं त्याच्यावरून गेलंय. आता लिहायला हरकत नाही. इन्स्टॉलेशनबद्दल लिहीत नाही. ते एकदाच होतं आणि त्यावर ढीगभर मजकूर पडलेला आहे. लिहितोय ते इनिशियलायझेशन पॅरामीटर्सबद्दल, म्हणजे इन्स्टन्स सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगबद्दल, कारण सिंगल इन्स्टन्सवर हात बसलेल्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) रॅकमध्ये ठेच लागते ती बहुतेक इथेच.

सेटअप साधा आहे. लिनक्स, दर नोडला २५६ जीबी मेमरी, स्टोरेज एएसएमवर (ओरॅकलचाच डिस्क सांभाळणारा थर), इन्स्टन्सची नावं कोर१ आणि कोर२.

मत आधीच सांगून टाकतो. सिंगल इन्स्टन्सवर आपण विचारतो, व्हॅल्यू किती ठेवू? रॅकवर त्याआधी विचारावं लागतं, ही व्हॅल्यू कोणाची? सगळ्यांची, की एकट्या कोर१ची? ओरॅकलने याची सोय उत्तम केली आहे, पण ती सोय गप्पगुमान काम करते आणि गप्पगुमानच अंगावरही येते.

हे पॅरामीटर ज्या फाइलमध्ये राहतात ती एसपीफाइल दोन्ही नोडसाठी एकच, शेअर्ड डिस्कग्रुपवर. तिचा पत्ता क्लस्टरवेअरकडे (नोड एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) नोंदलेला असतो, 'एसआरव्हीसीटीएल कॉन्फिग डेटाबेस' मारलं की दिसतो. एसपीफाइल आली ९आयमध्ये, २००१ साली, रॅकच्याच बरोबर. त्याआधी पॅरलल सर्व्हर होता तेव्हा दर नोडला वेगळी इनिट फाइल असायची आणि सामाईक भाग आयफाइलने आत ओढायचा. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना आजचं सगळं चैनीचं वाटतं, आणि त्यांचं बरोबरच आहे.

या फाइलची पीफाइल (साधी टेक्स्ट प्रत) काढून पाहिली की तीन प्रकारच्या ओळी दिसतात. स्टारने सुरू होणाऱ्या ओळी सगळ्या इन्स्टन्सना लागू. इन्स्टन्सच्या नावाने सुरू होणाऱ्या त्या एकट्याला लागू. आणि दुहेरी अंडरस्कोरवाल्या, 'कोर१.__डीबी_कॅश_साइज' अशा, ज्या ऑटोमॅटिक शेअर्ड मेमरी मॅनेजमेंट स्वतःच लिहून ठेवतं. नियम एकच: स्टार आणि नाव यांच्यात नावाची ओळ जिंकते. कोणती आधी लिहिली, कोणती नंतर, याला काडीची किंमत नाही.

हा नियम वाचायला सोपा आहे. आता तो प्रत्यक्षात कसा दिसतो ते बघा. गो-लाइव्हच्या आधी लोड टेस्ट झाली तेव्हा अ‍ॅप्लिकेशनवाल्यांच्या माणसाने ओपन_कर्सर्स (एका सेशनला एकाच वेळी किती कर्सर उघडता येतील ती मर्यादा) वाढवून १००० केले होते, पण फक्त कोर१वर. स्टारच्या ओळीत ५००च राहिले. काही आठवड्यांनी तक्रार आली की एका स्क्रीनवर ओआरए-०१००० (कर्सरची मर्यादा संपली) येतो. कधी येतो, कधी येत नाही. लॉगआउट करून परत आलं की चालतं. सपोर्टवाले म्हणाले ब्राउझर कॅश साफ करा. खरं कारण असं की कनेक्शन कोर१वर पडलं तर १००० कर्सर मिळत होते, कोर२वर पडलं तर ५००. मूळ दोष अ‍ॅप्लिकेशनचा होताच, कर्सर बंद न करण्याचा. पण तो एकाच नोडवर उघडा पडत होता.

इथे 'व्ही$पॅरामीटर' बघून उपयोग नाही, तो तुम्ही ज्या इन्स्टन्सवर बसला आहात त्याचंच सांगतो. 'जीव्ही$पॅरामीटर' बघायचा, इन्स्ट_आयडीसकट. आणि फाइलमध्ये काय लिहिलंय ते 'व्ही$एसपीपॅरामीटर'मध्ये, एसआयडीच्या रकान्यासह. चालू व्हॅल्यू आणि फाइलमधली व्हॅल्यू या वेगळ्या असू शकतात, आणि रॅकवर तर हा फरक दर इन्स्टन्सला वेगळा असू शकतो. रिस्टार्ट होईपर्यंत कळतसुद्धा नाही.

पुढची गंमत दुरुस्तीच्या वेळची. सहकाऱ्याने 'अल्टर सिस्टिम सेट ओपन_कर्सर्स=१५०० स्कोप=एसपीफाइल एसआयडी='*'' दिलं. कमांड बिनतक्रार चालली. पण याने कोर२ १५००वर जाणार आणि कोर१ हजारावरच राहणार, कारण त्याची नावाची ओळ जागच्या जागी आहे. ती काढायला 'अल्टर सिस्टिम रीसेट ओपन_कर्सर्स स्कोप=एसपीफाइल एसआयडी='कोर१'' वेगळं द्यावं लागतं. 'आधीची एक ओळ तुमच्यावर भारी पडतेय' अशी सूचना मिळत नाही, आणि मला वाटतं ती मिळायला हवी होती. आम्ही आता कुठलाही पॅरामीटर बदलण्याआधी त्याच्या नावाची ओळ आहे का ते बघतो आणि असली तर आधी तीच उडवतो.

नावाच्या ओळी हव्यातच असे पॅरामीटर मोजके आहेत: इन्स्टन्स_नंबर, थ्रेड, अंडू_टेबलस्पेस (बदल मागे घेण्यासाठी जुना डेटा ठेवायची जागा). हे दर इन्स्टन्सला वेगळेच लागतात. टेस्ट सर्व्हरवर प्रॉडक्शनची कॉपी उठवताना कोणीतरी पीफाइल 'स्वच्छ' करतं आणि अंडू_टेबलस्पेस स्टारवर टाकतं. मग पहिला इन्स्टन्स व्यवस्थित उठतो आणि दुसरा ओआरए-३००१३ देऊन बसतो, की हा अंडू टेबलस्पेस आधीच वापरात आहे. इन्स्टन्स_नंबर सारखा दिला तर ओआरए-००३०४. हे एरर निदान नेमके तरी आहेत, पाच मिनिटांत निस्तरतात.

याच्या उलट गट म्हणजे सगळीकडे सारखेच पाहिजेत असे: क्लस्टर_डेटाबेस, कंट्रोल_फाइल्स, डीबी_नेम, डीबी_ब्लॉक_साइज, कंपॅटिबल, अंडू_मॅनेजमेंट, रिकव्हरी एरियाचा पत्ता आणि साइज, वगैरे. हे स्टारवर टाकायचे आणि विसरायचे. अपवाद डीबी_फाइल्स. तो विसरण्यासारखा नाही.

डीबी_फाइल्सची डीफॉल्ट व्हॅल्यू २००. तितक्या डेटाफाइल झाल्या की ओआरए-०००५९. सिंगल इन्स्टन्सवर आकडा वाढवायचा, रिस्टार्ट द्यायचा, मिटलं. रॅकवर हा पॅरामीटर स्टॅटिक (रिस्टार्टशिवाय न बदलणारा) तर आहेच, शिवाय सगळ्या इन्स्टन्सवर सारखा लागतो. म्हणजे एकेक नोड पाळीपाळीने रिस्टार्ट करायचा म्हटलं तर जुन्या व्हॅल्यूचा एक इन्स्टन्स चालू असताना नव्या व्हॅल्यूचा दुसरा माउंटच होत नाही. ओआरए-०११०५ आणि त्याच्याखाली ओआरए-०११७४ येतो. दोन्ही इन्स्टन्स एकदम खाली आणावे लागतात. आता ज्या मॅनेजमेंटला 'रॅक घेतला की डाउनटाइम नाही' असं सांगून पैसे मंजूर करून घेतलेत, तिच्याकडे एका आकड्यासाठी पूर्ण बंदची परवानगी मागायला कोण जाणार? आम्ही पहिल्याच दिवशी १००० ठेवले. थोडी मेमरी जास्त जाते, जाऊ दे. नवीन रॅक उभारणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला हाच असतो.

उरले ते मधले, म्हणजे वेगळे चालतात पण वेगळे ठेवू नयेत असे. प्रोसेसेस, एसजीए_टार्गेट (इन्स्टन्सची सामाईक मेमरी) आणि प्रोसेसच्या खाजगी मेमरीचं पीजीए_अ‍ॅग्रिगेट_टार्गेट. रॅकचा खरा हिशोब इथे आहे आणि तो बहुतेक ठिकाणी चुकतो. दोन नोड आहेत म्हणून लोक लोड अर्धा-अर्धा धरतात आणि प्रोसेसेसही त्याच मापाने ठेवतात. रोजच्या कामाला ते पुरतातही. ज्या दिवशी एक नोड जातो त्या दिवशी सगळी कनेक्शन दुसऱ्यावर लोटतात, आणि तो ओआरए-०००२० (प्रोसेसची मर्यादा संपली) देत सुटतो. म्हणजे क्लस्टर वाचला, धंदा बसला! दोन नोडच्या रॅकवर प्रत्येक इन्स्टन्सचे आकडे 'मी एकटाच उरलो तर' हे धरूनच ठेवायचे. आमच्याकडे दोन्हीकडे मिळून हजाराच्या आसपास सेशन असतात. प्रोसेसेस दर इन्स्टन्सला २००० आहेत. सेशन्स वेगळं लिहायची गरज नाही, ते प्रोसेसेसच्या दीडपट अधिक २२ असं आपोआप निघतं, इथे ३०२२. प्रोसेसेसही स्टॅटिकच, पण इन्स्टन्सनिहाय वेगळा चालतो, त्यामुळे बदल एकेक नोड रिस्टार्ट करून निभावतो. डीबी_फाइल्समधला आणि याच्यातला फरक एवढाच, पण रात्री दोनच्या चेंज विंडोमध्ये तो फार मोठा असतो.

मेमरीबद्दल. मेमरी_टार्गेट (एसजीए-पीजीएची वाटणी ओरॅकलवर सोडणारा पॅरामीटर) वापरू नका. लिनक्सवर त्याचं आणि ह्यूजपेजेसचं (मेमरीच्या मोठ्या पानांचं) जमत नाही, आणि एवढ्या मोठ्या एसजीएला ह्यूजपेजेस नसतील तर पेज टेबलच कितीतरी मेमरी खातात. आमचा एसजीए ९६ जीबी. २ एमबीच्या पानांनी ४९,१५२ पानं, वर थोडी शिल्लक. यूज_लार्ज_पेजेस आम्ही 'ओन्ली' ठेवलंय. यात पानं कमी पडली तर इन्स्टन्स उठतच नाही. काही जणांना हे टोकाचं वाटतं. मला मात्र कर्नल पॅचनंतर सेटिंग हरवलेला नोड उठून दिवसभर रडतखडत चालण्यापेक्षा तो जागच्या जागी अडलेला परवडतो, दुसरा नोड आहेच की. सिंगल इन्स्टन्सवर मी 'ओन्ली' ठेवताना दहादा विचार केला असता.

सिंगलवरून रॅकवर येताना बफर कॅशला सुमारे १० टक्के आणि शेअर्ड पूलला १५ टक्के जास्त द्या असा ओरॅकलचा जुना ठोकताळा आहे. ब्लॉक कोणाकडे आहे, लॉक कोणाकडे आहे, या नोंदी शेअर्ड पूलमध्येच राहतात. आम्ही तो पाळला आणि त्रास झाला नाही.

पॅरलल_फोर्स_लोकल हा ज्या एका पॅरामीटरने सगळ्यात जास्त समाधान दिलं तो. डीफॉल्ट 'फॉल्स', म्हणजे एखादी पॅरलल क्वेरी तुम्ही कोर१वर मारली तरी तिचे स्लेव्ह (मदतनीस प्रोसेस) कोर२वरही उठतात. कागदावर छान, दोन मशीनची ताकद. प्रत्यक्षात महिनाअखेरचा रिपोर्ट चालू झाला की स्लेव्हमधली सगळी देवाणघेवाण इंटरकनेक्टवर (दोन नोडमधल्या खाजगी नेटवर्कवर) येते आणि ज्यांचा त्या रिपोर्टशी काही संबंध नाही अशा काउंटरवरच्या छोट्या व्यवहारांना जीसीचे (ग्लोबल कॅशचे, म्हणजे दुसऱ्या नोडकडून ब्लॉक मिळेपर्यंतचे) वेट लागतात. 'ट्रू' केलं, रिपोर्टला स्वतःची सर्व्हिस देऊन ती कोर२ला बांधली, आणि एडब्ल्यूआरमधल्या (ओरॅकलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमधल्या) पहिल्या पाचांतून जीसीवाले वेट खाली गेले. डेटा वेअरहाउस असेल तर हा सल्ला घेऊ नका, तिथे गणित वेगळं आहे. याच ओघात इंटरकनेक्टचा एमटीयूही (एका फ्रेममध्ये मावणारा कमाल डेटा) बघून घ्या. ८ केबीचा ब्लॉक १५००च्या एमटीयूवर सहा तुकड्यांत जातो, ९०००वर अख्खा एका फ्रेममध्ये. हे पॅरामीटर फाइलमध्ये नाही, पण त्याचा दोष पॅरामीटरच्या माथी मारला जातो.

लोकल_लिसनर आणि रिमोट_लिसनर यांना हात लावू नका. पहिला क्लस्टरवेअरचा एजंट व्हीआयपी (नोडचा आभासी पत्ता) बघून स्वतः लावतो, दुसऱ्यात स्कॅनचं (सगळ्या क्लस्टरच्या एकाच पत्त्याचं) नाव आणि पोर्ट असतो. क्लस्टर_इंटरकनेक्ट्सचंही तेच, तो हाताने लिहिला की ११.२.०.२पासून आलेल्या एचएआयपीची इंटरकनेक्ट फेलओव्हरची सोय गेलीच समजा. एका अंडरस्कोरवाले छुपे पॅरामीटर, उदाहरणार्थ डीआरएम (ब्लॉकची मालकी नोडांत आपोआप हलवणं) बंद करणारा '_जीसी_पॉलिसी_टाइम', सपोर्टने तुमच्या केसवर लेखी सांगितल्याशिवाय नाहीत.

एक चांगली सोय फार कमी लोक वापरतात: सेटच्या कमांडमधलं 'कॉमेंट'. 'कॉमेंट='पॅरलल रिपोर्ट, चेंज नंबर अमुक'' असं दिलं की ते एसपीफाइलमध्ये ओळीच्या शेजारी राहतं आणि अपडेट_कॉमेंट रकान्यात दिसतं. ऑडिटवाल्याने 'हे कोणी आणि का बदललं' विचारलं तेव्हा आम्ही फक्त क्वेरी मारून दाखवली. कॉमेंट नसलेला बदल आमच्या टीममध्ये आता कोणी मान्य करत नाही.

एक खरी नाराजी मल्टीटेनंटची, म्हणजे एका डेटाबेसात अनेक छोटे डेटाबेस (पीडीबी) ठेवायच्या पद्धतीची. पीडीबीच्या आत जाऊन केलेला बदल एसपीफाइलमध्ये जात नाही, तो डिक्शनरीतल्या पीडीबी_एसपीफाइल$ या टेबलमध्ये बसतो. म्हणजे बदलाच्या आधी शिस्तीत 'क्रिएट पीफाइल फ्रॉम एसपीफाइल' करून बॅकअप घेणाऱ्याच्या हाती पूर्ण चित्र येत नाही. स्टार, इन्स्टन्स आणि त्यात पीडीबी, अशा तीन थरांतून व्हॅल्यू ठरते. 'व्ही$सिस्टिम_पॅरामीटर'मध्ये कॉन_आयडीसकट बघितल्याशिवाय खरं कळत नाही. आमच्याकडे आता पीफाइलच्या बॅकअपबरोबर या क्वेरीचं आउटपुटही त्याच फोल्डरमध्ये पडतं, आणि दर आठवड्याला दोन्ही इन्स्टन्सच्या व्हॅल्यूंची तुलना करणारी एक छोटी स्क्रिप्ट चालते. अंडू, थ्रेड, इन्स्टन्स नंबर, लोकल लिसनर अशा अपेक्षित गोष्टी सोडून काही वेगळं दिसलं की मेल येतो.

घ्यावा का? स्टँडर्ड एडिशन २वर १९सीपासून रॅक चालत नाही, म्हणजे एंटरप्राइज एडिशन आणि वर रॅकचं ऑप्शन, असा खर्च आहे. फक्त सर्व्हर बंद पडण्याची भीती असेल तर एखादा चांगला स्टँडबाय (तयार ठेवलेला दुसरा डेटाबेस) स्वस्तात काम करतो. रोलिंग पॅचिंग (एकेक नोड करत पॅच लावणं) खरोखर हवं असेल आणि अ‍ॅप्लिकेशन नोड गेल्यावर स्वतः पुन्हा जोडून घेणारं असेल, तर घ्या. आमच्याकडे सध्या एकच काम बाकी आहे: पीजीए_अ‍ॅग्रिगेट_लिमिट. टार्गेट २४ जीबी असल्याने लिमिट आपोआप दुप्पट, ४८ धरलं गेलंय. मार्चअखेरला एकाच नोडवर सगळं चालवून पाहिलं तेव्हा ओआरए-०४०३६ (हे लिमिट ओलांडल्याचा एरर) आला नाही, पण वापर त्याच्या बराच जवळ गेला होता. पुढच्या विंडोत ते ६४ करतोय, दोन्हीकडे, स्टारवर, कॉमेंटसकट.