कार्ने द पासाज: पुस्तिका, तिचं तारण आणि ती देणाऱ्यांची सेवा

स्वतःची गाडी घेऊन देशांमागून देश ओलांडताना माणसाच्या व्हिसापेक्षा गाडीचं कस्टम्स जास्त दमवतं. कस्टम्सच्या लेखी परदेशी गाडी म्हणजे ड्यूटी न भरता आत आलेला माल. ती आत विकली गेली तर सरकारचा महसूल बुडतो. म्हणून गाडी ठरल्या मुदतीत बाहेर जाईल याची कुणीतरी हमी घ्यावी लागते, आणि ही हमी पुस्तिकेच्या रूपात मिळते ती कार्ने द पासाज आं दूआन, म्हणजे सीपीडी. मुळात 1954 चा न्यूयॉर्क करार आणि पुढे 1990 चा इस्तंबूल करार यांवर ही व्यवस्था उभी आहे. एफआयए आणि एआयटी या दोन आंतरराष्ट्रीय संघटना तिचं जाळं चालवतात. पुस्तिका मिळते ती त्यांच्या सदस्य असलेल्या देशोदेशीच्या ऑटोमोबाइल संघटनांकडून.

निकाल आधीच सांगतो. इराण, पाकिस्तान, भारत, नेपाळ, इजिप्त, ऑस्ट्रेलिया असे देश वाटेत असतील तर कार्ने घ्या, त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. प्रवास युरोप, तुर्कस्तान, मध्य आशिया किंवा दोन्ही अमेरिका खंडांपुरताच असेल तर पैसे अडकवू नका, तिथे त्याचा उपयोग नाही. आणि कुठल्या संघटनेकडून घ्यायचं हे ठरवताना फी नंतर बघा, तारण परत कसं आणि कधी देतात हे आधी विचारा.

खरा खर्च तारणाचा आहे. पुस्तिकेची फी त्यापुढे किरकोळ ठरते. गाडी बाहेर गेल्याचा पुरावा नसेल तर संबंधित देशाचं कस्टम्स ड्यूटीची मागणी संघटनेकडे करतं आणि संघटना ती तुमच्या तारणातून वसूल करते. गाडीची किंमत आणि यादीतला सर्वांत जास्त ड्यूटी लावणारा देश यांवर तारणाची रक्कम ठरते. इजिप्तसारखा एकच देश घातला तरी काही संघटना गाडीच्या किमतीच्या कित्येक पट तारण मागतात. त्यामुळे ‘असू दे, कधी गेलोच तर’ म्हणून यादीत देश वाढवू नयेत. अर्जात गाडीची किंमत फुगवून लिहिण्यातही काही फायदा नाही, तारण तेवढं वाढतं. उलट फार कमी लिहिली तर सीमेवरचा अधिकारी गाडीकडे बघून शंका घेतो. जुन्या गाडीला मूल्यांकनाचा कागद जोडावा.

तारण तीन प्रकारे देता येतं: रोख ठेव, बँक गॅरंटी किंवा विम्याची हमी. सगळ्याच संघटना तिन्ही प्रकार घेत नाहीत. रोख ठेव परत मिळते, पण पुस्तिका बंद होईपर्यंत अडकून पडते. बँक गॅरंटीसाठी बँक स्वतःचं कमिशन घेते आणि बहुधा तेवढी रक्कम गोठवते. विम्याचा हप्ता परत येत नाही, आणि दावा आला तर विमा कंपनी आधी संघटनेचे पैसे भागवून मग तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. हे कलम करारात बारीक अक्षरात असतं. सही करण्याआधी नेमकं तेच वाचा.

आता पुस्तिका. ती पाच, दहा किंवा पंचवीस पानांची मिळते आणि काढल्यापासून एक वर्ष चालते. एका देशात एकदा जाऊन बाहेर पडलं की एक पान संपतं, पुन्हा त्याच देशात गेलात तर नवं पान लागतं. म्हणून देश मोजून पानं घेऊ नका, प्रवेश मोजून घ्या. नेपाळला जाऊन भारतात परत यायचं असेल तर भारताचीच दोन पानं जातात. आफ्रिकेच्या दक्षिण भागात उलट आहे. बोट्स्वाना, एस्वातिनी, लेसोथो, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका यांचं कस्टम्स एकच असल्यामुळे पहिल्या देशात शिरताना एक शिक्का आणि शेवटच्यातून निघताना एक, एवढंच. मधल्या सीमेवर कुणी नवं पान उघडायला निघालं तर नम्रपणे थांबवा. नाहीतर आधीचं पान अर्धवट राहतं आणि पुढे तेच दाव्याचं कारण होतं.

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. सर्वांत खालचा आयातीचा, मधला निर्यातीचा आणि वरचा काउंटरफॉइल, म्हणजे पुस्तिकेतच राहणारी स्थळप्रत. आत शिरताना अधिकारी खालचा भाग भरून, शिक्का मारून फाडून घेतो आणि वरच्या काउंटरफॉइलवर प्रवेशाच्या जागी शिक्का, तारीख आणि सही करतो. बाहेर पडताना मधला भाग फाडला जातो आणि काउंटरफॉइलवर दुसरा शिक्का बसतो. पुस्तिकेत शेवटी उरतो तो फक्त वरचा भाग, त्यावर दोन शिक्के. हे दोन शिक्के म्हणजे तुमचं तारण. बाकी पुस्तिका हरवली तरी चालेल असं नाही, पण संघटना परतल्यावर आधी बघते ते हेच.

चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. ज्या नाक्यावर वर्षाला मोजक्याच परदेशी गाड्या येतात तिथल्या अधिकाऱ्याने कार्ने क्वचितच हाताळलेलं असतं. तो प्रवेशाच्या वेळी चुकून मधला भाग फाडतो, किंवा फाडलेल्या तुकड्यावर शिक्का मारतो आणि काउंटरफॉइल कोरं ठेवतो. कधी अख्खं पानच ठेवून घेतो. यावर उत्तम उपाय म्हणजे आधीच्या देशात नीट भरलेलं पान उघडून समोर ठेवणं. भाषा येत नसली तरी ते बघून काम बरोबर होतं. पहिलाच देश असेल तर संघटनेच्या माहितीपत्रातला भरलेल्या पानाचा नमुना छापून जवळ ठेवा. काउंटर सोडण्याआधी चार गोष्टी तपासा: शिक्का काउंटरफॉइलवर आहे, तारीख वाचता येते, नाक्याचं नाव उमटलंय, सही आहे. शाई फिकी असेल तर तिथेच दुसरा शिक्का मागा. मग लगेच पानाचा फोटो काढून मेलवर टाका.

तपशिलाच्या पानावर नोंदणी क्रमांक, चासी नंबर, इंजिन नंबर, वजन, रंग, आसनं, रेडिओ, जादा टायर असं सगळं असतं. अडचण बहुतेक वेळा चासी नंबरवर येते. 1981 नंतरच्या बहुतेक गाड्यांना सतरा अक्षरी नंबर असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात. कार्नेवर ओ दिसला तर ती टायपिंगची चूक आहे, तिथे शून्य हवं. पुस्तिका हातात आल्याबरोबर नोंदणी पुस्तक, कार्ने आणि प्रत्यक्ष गाडीवर कोरलेला नंबर तिन्ही ठिकाणी अक्षर न अक्षर जुळवा. खाडाखोड केलेलं कार्ने सीमेवर चालत नाही, दुरुस्ती संघटनेच्याच शिक्क्याने करून घ्यावी. नंबर कुठे कोरलाय ते आधी शोधा. फ्रेमवरचा नंबर चिखलाने आणि गंजाने बुजतो. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करून वर ग्रीसचा पातळ थर द्या. सॅंडपेपर वापरू नका, घासलेला नंबर बघून गाडी चोरीची असल्याचा संशय येतो. पनामात गाडी जहाजाने पुढे पाठवण्याआधी पोलीस हेच नंबर तपासतात, तिथे कार्नेचा संबंध नसतानाही ही तयारी उपयोगी पडते. इंजिन बदललं असेल तर नवा नंबर आधी नोंदणी पुस्तकात आणि मग कार्नेत गेला पाहिजे.

गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं नोटरी केलेलं अधिकारपत्र लागतं, आणि चालवणाऱ्याचं नाव कार्नेत तसं नोंदवून घेणं बरं. कंपनीच्या नावावरच्या गाड्यांचं घोडं इथेच अडतं.

सीमेवर क्रम पाळा. बाहेर पडताना आधी कस्टम्स, मग पासपोर्ट. पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का बसल्यावर मागे वळता येत नाही आणि कस्टम्सचं ऑफिस मागे राहिलेलं असू शकतं. ते नेहमी सीमारेषेवर नसतंच. खुंजेराब खिंडीत पाकिस्तानचं कस्टम्स बरंच खाली सोस्तला आहे आणि चीनचं पलीकडे ताश्कुर्गनला. इथिओपियातून तुर्काना सरोवराच्या बाजूने केनियात उतरणाऱ्या वाटेवर वर्षानुवर्षं केनियाचा नाकाच नव्हता, प्रवेशाचा शिक्का नैरोबीत जाऊन घ्यावा लागे. अशा वाटांवर ‘कस्टम्स कुठे आहे’ हा प्रश्न आदल्या गावातच विचारावा. याउलट झांबिया आणि झिंबाब्वेमधलं चिरुंडू 2009 मध्ये एकत्रित नाका झालं. तिथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात. काम भराभर होतं, पण एका खिडकीवर झालं की सगळं संपलं असं वाटून दुसऱ्या देशाचा शिक्का राहून जातो. दोन्ही पानं उघडून बघितल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

जहाजाने गाडी पाठवताना निर्यातीचा शिक्का कंटेनर भरून सील होताना बसतो. तुम्ही विमानाने निघून गेलात आणि कार्ने एजंटकडे राहिलं तर मूळ पुस्तिका हातात परत मिळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका. स्कॅन पुरत नाही. बिल ऑफ लेडिंगवरचा, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीवरचा, चासी नंबर आणि कार्नेवरचा नंबर सारखे हवेत, नाहीतर पलीकडच्या बंदरात कंटेनर अडकतो आणि जागेचं भाडं रोज चढत जातं.

गैरसमज मोठा आहे तो मुदतीचा. कार्ने वर्षभर चालतं म्हणून गाडी त्या देशात वर्षभर ठेवता येते असं नाही. प्रत्येक देश आपली मुदत वेगळी देतो आणि अधिकारी ती पानावर किंवा वेगळ्या परवान्यावर लिहितो. कार्नेचं वर्ष संपत आलं आणि गाडी आत आहे अशी वेळ आली तर मुदतवाढ किंवा बदली कार्ने यासाठी किमान महिनाभर आधी संघटनेला कळवा. बदली कार्ने मिळालं की जुन्यावर निर्गमन आणि नव्यावर प्रवेश एकाच बैठकीत करून घ्यायचा, मध्ये एक दिवसही मोकळा सोडायचा नाही.

अपघातात गाडी भंगार झाली तरी ती सोडून निघून जाता येत नाही. 1954 च्या करारात यासाठी तीन वाटा आहेत: ड्यूटी भरा, गाडी विनामूल्य सरकारजमा करा, किंवा सरकारी देखरेखीखाली नष्ट करा. शेवटच्या दोन्हींचा कागद संघटनेला लागतो. दुरुस्तीसाठी मागवलेले सुटे भाग ड्यूटीविना आणता येतात, मात्र काढलेला जुना भाग परत न्यावा किंवा कस्टम्सच्या हवाली करावा लागतो. तुटलेला गिअरबॉक्स गॅरेजमध्ये टाकून निघाल्यास तो हिशोबात राहतो.

कार्नेशिवायच्या व्यवस्था तुलनेला घेतल्या तर मेक्सिकोची सर्वांत सरळ वाटते. तिथे बान्हेर्सितो ही बँक गाडीच्या सालाप्रमाणे अनामत घेते: 2007 पासून पुढच्या गाडीला 400 डॉलर, 2001 ते 2006 ला 300, त्याआधीच्या गाडीला 200. मुदतीत बाहेर पडताना परवाना रद्द करून घेतला की पैसे परत. दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तात्पुरत्या आयातीचा कागद सीमेवरच मिळतो. रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, बेलारूस आणि आर्मेनिया एकाच कस्टम्स संघात असल्याने एकच घोषणापत्र चालतं, त्यावरची शेवटची तारीख तेवढी चुकवू नका. चीनमध्ये कार्ने असून काही फरक पडत नाही. तिथे अधिकृत एजन्सी, सोबत गाइड, तात्पुरती नंबरप्लेट आणि तात्पुरतं लायसन्स हे सगळं लागतंच.

कार्ने म्हणजे विमा नव्हे, हेही स्पष्ट असू द्या. थर्ड पार्टी विमा वेगळा लागतो: युरोप आणि आसपास ग्रीन कार्ड, आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या कोमेसा या व्यापारसंघाच्या देशांत यलो कार्ड, पश्चिम आफ्रिकेत ब्राउन कार्ड. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या कराराचं की 1968 च्या, हे देशागणिक बदलतं.

आता संघटनांच्या सेवेकडे. पुस्तिका देईपर्यंत सगळ्याच बऱ्या वागतात. फरक दिसतो तो सीमेवर अडकल्यावर कुणी फोन उचलतं का आणि परतल्यावर तारण किती दिवसांत सुटतं यात. अर्ज करण्याआधी हे लेखी विचारा: मुदतवाढ देता का, एखादा शिक्का राहिला तर काय स्वीकारता, तारण परत करायला किती दिवस, दाव्याची शक्यता म्हणून काही रक्कम राखून ठेवता का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संघटना बघा. जर्मनीची ऑटोमोबाइल संघटना आडाक (ADAC) जर्मनीबाहेर नोंदलेल्या गाड्यांनाही कार्ने देते, त्यामुळे काहींना पर्याय मिळतो.

एखादा निर्गमन शिक्का राहिलाच तर पुस्तिकेच्या शेवटी असलेलं गाडीच्या ठावठिकाण्याचं प्रमाणपत्र कामी येतं. गाडी आता मायदेशी किंवा तिसऱ्या देशात प्रत्यक्ष उभी आहे असं कस्टम्स, पोलीस किंवा वकिलातीने गाडी बघून लिहून द्यायचं असतं. पुढच्या देशातला प्रवेशाचा शिक्काही पुरावा म्हणून जोडावा. पुस्तिका संघटनेला परत करण्याआधी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि पोच घ्या. मुदत संपल्यावर वर्षभरात कस्टम्सला मागणी नोंदवता येते आणि त्यानंतर पुरावा द्यायला संघटनेला आणखी वर्ष मिळतं. तोपर्यंत ते स्कॅन आणि सगळ्या पावत्या एका ठिकाणी जपून ठेवा.